शुक्रवारचा ताप

प्रदूषण मंडळाचे साहेब, तुम्ही गणराजच्या शेडच्या फाटकापर्यंत आलात आणि तिथूनच परत गेलात. 'समोरच्या सोसायटीत धूळ जाता कामा नये,' एवढा हुकूम सोडून गाडीत बसलात. ती धूळ मग जाणार कुठं, हे विचारलं नाहीत. तुम्हाला ते सुचलं नाही, असं मी मानणार नाही. म्हणून पुढं काय घडलं ते सांगतो. माझ्यासारख्या बाकी नागरिकांनीही ऐकावं, कारण त्या धुळीची तक्रार आपल्यातल्याच लोकांनी केली होती.

चिखलीत गणराजचं शेड आहे. रेलिंगं, खांब, फाटकं गंजू नयेत म्हणून तिथं त्यांच्यावर जस्त चढवतात. हातातल्या गनमध्ये जस्ताची तार वितळते आणि हवेच्या जोरानं लोखंडावर जाऊन बसते. सगळं काही बसत नाही. उरलेलं धूर आणि करडी भुकटी होऊन उडतं. पूर्वी भिंतीतला पंखा ते बाहेर फेकायचा आणि समोर वाळत घातलेले कपडे करडे व्हायचे. ही चूकच होती. हुकूम आल्यावर गणराजनं काय करावं? पंखा बंद केला आणि शटर खाली ओढलं. झालं! धूळ थांबली, सोसायटी खूश, साहेबही खूश.

आत गन धरून उभा असायचा शौकत. तोंडाला रुमाल बांधलेला. काम संपलं की गणराज त्याला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की छाती साफ होते, असं आपल्याकडे मालकही मानतो आणि कामगारही. शौकतसुद्धा तो खडा विश्वासानं चघळायचा.

आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्याला हुडहुडी भरायची. तोंडात लोखंड चोखल्यासारखी चव, घशाला कोरड, अंगात ताप. शनिवारी उठवत नसे. रविवारी पुन्हा ठणठणीत. आपल्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे गणराजचा तर्क तयार होता.

"गुरुवारी सुट्टी, शुक्रवारी ताप, शनिवारी दांडी! काय राव शौकतभाई, एवढी कुठली घेता? आम्हालाही दुकान दाखवा की."

शेड खदखदून हसलं.

"शेठ, मी बिडीसुद्धा ओढत नाही."

"पिणारा असंच म्हणतो. या शनिवारी आला नाहीस तर परत येऊच नको."

ते हसणं शेडमध्ये राहिलं नाही. शौकतची बायको झुलेखा किराणा आणायला गेली तर दुकानदार हळूच म्हणाला, "भाभी, जरा सांभाळा त्यांना." ज्या माणसानं दारूला कधी हात लावला नाही, तो गल्लीत दारुडा ठरला. आता कामही जायची वेळ आली होती.

झुलेखा शिवणकाम करायची. शुक्रवारी दुपारी ती समोरच्या सोसायटीत मंजुळाबाईंचे ब्लाउज द्यायला गेली. मंजुळाबाई कामगार दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. तक्रारीवर पहिली सही त्यांचीच होती.

"बघ गं, आता कपडे कसे स्वच्छ राहतात! धूळ बंद झाली एकदाची."

"तुमच्याकडची बंद झाली, मावशी. आता ती माझ्या घरी येते, नवऱ्याच्या छातीतून."

मंजुळाबाईंनी ब्लाउज बाजूला ठेवले. त्यांनी सगळं विचारून घेतलं. ताप कधी येतो, किती टिकतो, चव कशी लागते.

त्या संध्याकाळी ताप आलाच. शनिवारी शौकत कसाबसा उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून खाली बसला.

मंजुळाबाई सकाळीच शेडवर पोचल्या. "गणराज, तो पीत न्हाई. जस्ताच्या धुराचा ताप हाय त्यो. रोज धूर घेतला की अंग सरावतं, ताप दबून राहतो. एक सुट्टी पडली की सराव मोडतो आणि पहिल्याच दिवशी ताप उसळतो. गुळानं छाती साफ होत असती, तर आमचा दवाखाना कशाला काढला असता?"

"मावशी, बंद करा बंद करा म्हणून तुम्हीच ओरडत होता ना?"

"व्हय, मीच. मला लाज वाटतीय म्हणून तर आलेय."

"दारुड्याची वकिली करू नका. माझं लोखंड उघडं पडलंय." रेलिंग घासून तयार होतं. त्याच दिवशी जस्त चढवलं नाही तर त्यावर गंज धरतो. मंजुळाबाई 'शटर तरी उघड' म्हणत राहिल्या. गणराजनं त्यांना बाहेर काढून शटर ओढलं, तोंडाला रुमाल बांधला आणि कैक महिन्यांनी स्वतः गन उचलली. काम संपल्यावर गूळही खाल्ला.

संध्याकाळी त्याचे दात वाजू लागले. दोन गोधड्या घातल्या तरी थंडी जाईना. बायकोनं घाबरून मंजुळाबाईंना बोलावलं. त्यांनी कपाळाला हात लावला, छाती तपासली आणि शांतपणे विचारलं,

"गणराज, काल किती घेतली होतीस?"

"मावशी! मी चहाशिवाय काही घेत नाही, तुम्हाला माहीत आहे!"

"शौकतही हेच सांगत होता."

गणराजनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

अंगात त्राण आल्यावर तो शौकतच्या गल्लीत गेला. घरात शिरला नाही. किराणा दुकानासमोर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शौकतभाई, मी चुकलो. दारू तुमच्यात नव्हती, दोष माझ्या शेडमध्ये होता."

शौकत दारात येऊन म्हणाला, "शेठ, माफी घरात मागितली असती तरी चाललं असतं. पंखा कधी चालू होतोय ते सांगा."

"धूळ पकडणाऱ्या पिशव्या पंख्याला बसेपर्यंत गनला हात लावायचा नाही. मीही लावणार नाही."

तसंच झालं. धूळ आता पिशव्यांत अडकते, आणि शौकतच्या तोंडावर नळीतून बाहेरची हवा देणारा मुखवटा असतो. शुक्रवारची संध्याकाळ त्याची त्याला परत मिळाली. सोसायटीतले काही जण पंख्याच्या आवाजावरून कुरकुरले. मंजुळाबाईंनी त्यांना शेडमध्ये नेऊन उभं केलं. कुरकुर संपली.

मित्रहो, आपल्या गच्चीवरची घाण दुसऱ्याच्या फुप्फुसात ढकलून देणं म्हणजे स्वच्छता नव्हे! तक्रार जरूर करा. पण तक्रारीनंतर ती घाण कुणाच्या वाट्याला गेली, हेही बघा. आणि आजारी कामगाराला दारुडा म्हणण्याआधी, तो घेतो ती हवा एकदा स्वतः घेऊन बघा.

आता राहिलात तुम्ही, साहेब. त्याच रस्त्यावर जस्ताची आणखी शेडं आहेत. त्यांनाही तुमचा तोच हुकूम गेलाय आणि तुमच्या कागदावर ती सगळी नियमात आहेत. आत उभ्या असलेल्या माणसांची छाती तपासायची जबाबदारी कुणाची? नाव सांगा. आम्ही वाट बघतोय. उत्तर द्या!