आतून काळी झालेली नळी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार. पहाटे भरपूर दव. आकाश मोकळं, वारा अजिबात नाही.

मी अ‍ॅल्युमिनियमची बोटभर नळी बोलतेय. माझं घर कॅमेरा आणि लेन्सच्या मधोमध. मी मध्ये बसले की लेन्सला अगदी जवळचं दिसतं आणि नखाएवढं फुलपाखरू चौकटभर होतं.

चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये, गोल दांड्याच्या उरलेल्या तुकड्यातून हिंदुरावांनी मला लेथवर घडवलं. कुणासाठी? त्यांचा दोस्त, काळेवाडीचा भीमराज याच्यासाठी. भीमराज कंपनीत तयार भाग तपासतो आणि सुट्टीला फुलपाखरांमागे फिरतो. गेल्या वर्षी चिंचवडच्या प्रदर्शनातून त्याचा फोटो परत आला. शेरा होता, 'डोळा स्पष्ट नाही.' रोज दुसऱ्यांचे जॉब, म्हणजे घडवलेले भाग, नापास करणाऱ्या माणसाला तो शेरा फार लागला.

हिंदुरावांनी मला आतूनसुद्धा आरशासारखं चकचकीत केलं. म्हणाले, "आत तोंड बघून घे, भावा!"

पण फोटो आले पांढुरके, धुक्यातून काढल्यासारखे. भीमराज बरेच दिवस लेन्सला दोष देत राहिला. मग एकदा त्याने मला खिडकीशी धरून आत पाहिलं. उजेड माझ्या भिंतींवर आपटून सगळीकडे उधळत होता. माझी चमकच फोटोच्या आड येत होती.

त्याने मला वर्कशॉपात नेऊन हिंदुरावांपुढे ठेवलं.

"काय, आटे बसत न्हाईत?" हिंदुरावांनी विचारलं.

"आटे झकास आहेत. आतली चमक जास्त झाली, राव."

"खडबडीत म्हणून परत आलेले जॉब लई बघितले. चकचकीत म्हणून परत आलेला ह्यो पहिलाच!"

ते हसले, पण मला पुन्हा लेथवर चढवताना त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी आतून बारीक चऱ्या पाडल्या आणि फळ्याला देतात तो काळा रंग फासला.

आज यंदाच्या प्रदर्शनाला फोटो पाठवायची शेवटची तारीख. पुनावळ्याच्या मोकळ्या गवतात एका काडीवर निळसर फुलपाखरू पंख मिटून बसलं होतं, दवाने जड झालेलं. ऊन चढलं की ते उडणार. भीमराज कोपरं चिखलात रोवून आडवा झाला. पंखासमोर कॅमेरा अगदी सरळ धरला. फोकसला हात न लावता स्वतःच केसभर पुढे सरकला.

"अहो, श्वास घ्या!" मागून जयमाला, त्याची बायको, कुजबुजली.

"नंतर घेतो."

क्लिक. फुलपाखरू उडालं.

त्याने फोटो मोठा करून पाहिला. काळाभोर डोळा, भोवती पांढरी कड, मिशांवरचा पट्टा न् पट्टा वेगळा. चिखलाच्या हातानेच त्याने फोन लावला.

"हिंदुराव, जॉब पास!"

"मग सही कर की!" पलीकडून आरोळी आली.

माझी एकच विनंती आहे. पुसायचं तर मला बाहेरून पुसा. आतला काळा रंग राहू द्या.

२६ ऑक्टोबर, रविवार. ढगाळ. प्रदर्शनाचा निकाल लागला. कीटक विभाग, पहिला क्रमांक: भीमराज सोनकांबळे, काळेवाडी.