इडवलच्या वाटेवरचं पाणी

तीस वर्षं मी या खोऱ्यात टपाल वाटलं. त्यामुळे वन्यजीव खात्याच्या ऑफिसनं मेलान नदीत पुन्हा बीव्हर आणायचं ठरवलं, तेव्हा दारोदार फिरून लोकांना पटवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. वेल्समधून हा प्राणी संपून शेकडो वर्षं झाली होती. एक जोडी वरच्या ओढ्यात सोडायची, ती फांद्या-चिखलाचा बांध घालेल, पाणी अडेल, खालच्या गावांत पूर कमी येईल, असा बेत होता. त्यासाठी काठावरच्या अठ्ठावीस घरांची संमती हवी होती. सत्तावीस मिळाल्या. राहिला इडवल.

इडवल माझ्या वर्गातला. मेंढ्या पाळायचा. त्याच्या घराकडे जाणारी एकुलती एक वाट ओढ्याला लागून जाते. त्याच्या बायकोची, आयर्वेनची, मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा दवाखान्याची गाडी तिला न्यायला यायची.

"उंदरासाठी जमीन सोडण्याइतका अजून मी म्हातारा झालो नाही, नेस्टा," तो म्हणाला.

"उंदीर कसला रे, चांगला कुत्र्याएवढा असतो."

"मग तर बघायलाच नको."

आयर्वेन चहा ओतता ओतता हसली. "येऊ दे की. दिवसभर या खिडकीतून मेंढ्यांची ढुंगणं बघत बसते मी. जरा बदल होईल."

इडवल हसला नाही. "आणि वाटेवर पाणी चढलं तर?"

"मला फोन कर. दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन येते."

"ऑफिसचं सांगू नकोस. तू येशील?"

"मी येईन."

त्यानं सही केली.

जोडी सोडली त्या दिवशी सगळं खोरं ओढ्यावर लोटलं होतं. पहिली दोन वर्षं तर दृष्ट लागावी अशी गेली. वरच्या बाजूला तळं झालं, बेडूक आले, बगळे आले. आयर्वेन दुर्बीण लावून बसायची आणि फोनवर मला रोजचा वृत्तांत द्यायची.

तिसऱ्या वसंतात बीव्हरांनी नवा बांध घातला, तो बरोबर वाटेच्या खालच्या अंगाला. मे महिन्यात पाऊस लागला आणि वाटेवर घोट्याएवढं पाणी आलं. इडवलचा फोन आला आणि मी गेले.

उपाय साधा होता. बांधातून एक जाड नळ घालायचा, म्हणजे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढत नाही. नळ गावच्या सभागृहात खुर्च्यांच्या मागे पडून होता. चार माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. पण परवानगीशिवाय बांधाला हात लावणं गुन्हा. नळ घालायला आम्हाला शिकवणारा ऑफिसातला अधिकारी नोकरी सोडून गेला होता. नवीन बाई फोनवर म्हणाल्या, "आधी पाहणी, मग परवाना. तोवर कृपया काही करू नका."

"आठ दिवस थांब," मी इडवलला सांगितलं. मग आणखी आठ दिवस. माणसं तयार होती. मीच त्यांना अडवलं. एक चूक झाली तर योजनेच्या विरोधकांना निमित्त मिळेल, या भीतीनं मी कागदाची वाट बघत राहिले.

पाणी गुडघ्याला आलं तसा दवाखान्याच्या ड्रायव्हरनं गाडी आत घालायला नकार दिला. इडवल बायकोला रजईत गुंडाळून ट्रॅक्टरमागच्या गाड्यावर बसवून पार न्यायला लागला. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टरचं चाक भुसभुशीत कडेत रुतलं. त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. शेजाऱ्यांनी खांद्यावर उचलून तिला पलीकडे नेलं.

तिला दवाखान्यात ठेवून इडवल परत आला, कुदळ घेतली आणि एकट्यानं बांध फोडला.

मी सकाळी पोचले तेव्हा पाणी ओसरून गेलं होतं. बीव्हरचं घर चिखलात उघडं पडलं होतं. त्याचं दार नेहमी पाण्याखाली असतं, म्हणून कोणी आत शिरत नाही. आता दाराशी कोल्ह्याची पावलं होती आणि दोन पिल्लं मरून पडली होती. इडवल तिथेच उभा होता.

"आत पिल्लं आहेत, हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

बघ्यांची गर्दी नको म्हणून कोणाला सांगायचं नाही, असा ऑफिसचा निरोप होता. तो मी पाळला होता.

परवाना पुढच्या मंगळवारी आला.

आयर्वेन घरी आली, पण पुन्हा उभी राहिली नाही. ऑगस्टमध्ये गेली. दफनानंतर सभागृहात चहाच्या टेबलाशी इडवल माझ्याजवळ आला.

"तुझा दोष नाही, हे तुला सांगायला तिनं मला बजावलं होतं," तो म्हणाला. "दोन दिवस प्रयत्न करतोय. जमत नाही गं."

"नको सांगूस," मी म्हटलं.

शरद ऋतूत अकरा घरांनी संमती मागे घेतली. नर-मादी पिंजऱ्यात पकडून दुसरीकडे नेली. ऑफिसनं मला पुन्हा एकदा घरोघरी जाऊन बोलायला सांगितलं. मी पहिल्या फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला आणि परत फिरले.

इडवलनं मेंढ्या विकल्या आणि तो बहिणीकडे शहरात राहायला गेला. सामान भरलेली गाडी घेऊन तो निघाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मी हात वर केला. त्यानं मला पाहिलं, आणि गाडीची काच वर घेतली.