ब्यूइकच्या पुढे सात फेऱ्या

पहिली फेरी

"चल बाई, हो पुढे! यंदा नवी गाडी तुझी, पहिला शनिवार तुझा!"

रूलांदने ब्यूइकच्या खिडकीतून हात बाहेर काढून तिला वाट दिली. वर हसलाही. "जपून हां, मायलिस. ही टपालाची गाडी नव्हे."

मागच्या गाड्यांतून हशा पिकला. मायलिसही हसली. गेलं वर्षभर ती ह्याच हाताची वाट बघत होती.

वान्सब्रू गावाची रीतच अशी आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी गावातल्या सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्या पेट्रोलपंपापासून निघतात, स्टेशनला वळसा घालतात, परत पंपावर येतात. अशा सात फेऱ्या. त्या वर्षी ज्याने आयुष्यातली पहिली अमेरिकन गाडी घेतली, तो सातही फेऱ्या सगळ्यांच्या पुढे. त्याला कुणी ओलांडायचं नाही, मागून भोंगा वाजवायचा नाही. तो जितका हळू जाईल तितका त्याचा मान. आणि कंटाळून जो रांग सोडेल, तो वर्षभर, दर शनिवारच्या फेरीत, शेवटी.

नवा कुणी नसेल त्या वर्षी पुढे कोण? रूलांद. रांग सोडण्यापेक्षा त्याने दात उपटून दिला असता.

संध्याकाळचे सहा वाजले होते आणि पारा एकोणतीसवर होता. मायलिसने ब्रेकवरचा पाय जरासा, अगदी जरासा उचलला.

एक कागद

तिच्या स्वयंपाकघरात, चुलीवरच्या भिंतीला टाचलेला. गाड्यांची सरकारी नोंद ह्या देशात कुणालाही मागवता येते. तिने मागवली होती.

ब्यूइक, १९६०. तपासणी: उत्तीर्ण. शेरा: काही नाही.

ह्या तीन ओळी ती रोज कॉफी उकळेपर्यंत वाचत असे.

दुसरी फेरी

"अगं, चालायला लागलेलं पोरसुद्धा पुढे गेलं आपल्या," सिव म्हणाली. सिव म्हणजे तिची भावजय, तूरेची बायको. मांडीवर कॉफीचा थर्मास घेऊन ती शेजारी बसली होती. "आणि आता ती बाई बघ, कुत्रं घेऊन."

"जाऊ दे तिला."

"घाई नाही म्हणा. छान वाटतंय. तूरेला आवडलं असतं."

 तीस वर्षं मायलिसने गाडीतून टपाल वाटलं होतं. रस्त्याकडेच्या चारशे बारा टपालपेट्या. एकीपुढून दुसरीपुढे, न थांबता थांबल्यासारखं. हळू चालवणं ही काय चीज आहे हे अख्ख्या गावात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आरशात ब्यूइक दिसत होती, लालभडक, आणि काचेमागे रूलांदचं कपाळ.

जे झालं ते

ब्यूइक तूरेची. तिच्या भावाची. अकरा हिवाळे त्याने ती धान्याच्या कोठारात, दोन स्वेटर घालून, खिळ्याखिळ्याने उभी केली. सांगाडा तर त्याने उघडा करून हाताने घासला होता. मग लाकूडगिरणीतल्या भुशाने त्याची फुप्फुसं गेली. त्याला गाडीखाली सरकता येईना, तेव्हा रूलांद मित्र म्हणून आला. खाली गेला, हातोडीने ठकठक केलं, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "सांगाडा कुजलाय, तूरे. आत गंजच गंज. ही कधी पास व्हायची नाही. सुट्या भागांसाठी नेतो मी, तुझ्या डोळ्यांसमोर नको."

तूरेने किल्ली दिली. पुढचे दोन महिने तो एकच वाक्य बोलत होता: "मी अकरा वर्षं मढ्याला रंग लावला गं." मार्चमध्ये गेला.

मेमध्ये ब्यूइक पास झाली. शेरा: काही नाही.

मायलिसने रूलांदला सॉसेजच्या टपरीपुढे गाठलं होतं. तो म्हणाला, "मी सांगाड्याचं जोडकाम केलं ना सगळं नव्याने. नुसता रंगाने धरलेला गंज होता, मायलिस. मी वाचवली ती." तेव्हापासून ही गोष्ट तो दर शनिवारी सांगतो. सांगताना तूरेसाठी हळहळतोही. गावाने ती मान्य केली आहे.

तिला गाडी नको होती. पैसे नको होते. तिला त्याच्या तोंडून, चारचौघांत, एक वाक्य हवं होतं.

तिसरी फेरी

अजून काही नाही.

(काही नाही कसं? ब्यूइकच्या पुढच्या बंपरखाली एक थेंब. मायलिसला दिसला नाही. तिने कल्पना केली.)

त्याने केलेला मूर्खपणा

गेल्या उन्हाळ्यात रूलांदने पंपावर बॉनेट उघडलं. ह्या लोकांत बॉनेट उघडणं म्हणजे घरात बोलावणं. आत सगळं लखलखत होतं. लोक वाकून वाकून बघत होते. मायलिसही वाकली. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं नव्हतं.

"कुठंय रे ते कडं?"

"काढलं. कुरूप होतं. सगळा क्रोम झाकत होतं."

तूरे म्हणायचा, ते कडं म्हणजे गाडीचं नाक. ते काढलं की गाडी पळताना तग धरते, रांगताना तापते. त्या वर्षी पुढे रूलांद स्वतः होता आणि पाऊस पडत होता, म्हणून निभावलं. मायलिस त्या रात्री घरी जाऊन जाहिराती वाचायला बसली. पूर्वी तिने आयुष्यात एकही वाचली नव्हती.

विकणे आहे

डॉज पोलारा, १९६४, फिकट हिरवी. मालक वारले. नुसती उभी करून ठेवणाऱ्याला देणार नाही. मूरा.

एप्रिलमध्ये मूराला एक म्हातारी दारात उभी होती, पायात नवऱ्याचे बूट.

"गंज विचारायचाय ना? सगळे तेच विचारतात."

"नाही. उभ्या उभ्या तापते का?"

म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. "माझा नवरा हिच्यात बसून रेडिओवर हॉकी ऐकायचा. इंजिन चालू ठेवून. घरात मी आहे म्हणून. दोन दोन तास, बाई! तो तापायचा, ही नाही."

"घेतली."

"चालवून तर बघ आधी!"

"एक तास इथेच चालू ठेवते. चालेल?"

"कशाला घेतेयस गं ही?"

"एका माणसाला आरशात बघायचंय."

"अस्सं," म्हातारी म्हणाली, आणि आत जाऊन दालचिनीचे पाव घेऊन आली.

परतताना मात्र गोची झाली. सीट दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी, चाक एका बोटाने फिरत होतं. समोर बॉनेट एवढं लांब की जणू आपण आणि रस्ता ह्यांच्यात कुणीतरी हिरवं शेत अंथरलंय. तिचा फाटा मागे गेला आणि तिच्या लक्षातच आलं नाही. चाळीस किलोमीटर जास्त झाले. ती गुणगुणत होती. स्वतःचा आवाज ऐकून तिला राग आला; ह्यासाठी घेतली नव्हती तिने गाडी.

चौथी फेरी

रूलांदने हीटर लावला. इंजिनची उष्णता तेवढीच आत खेचायची, जुनी युक्ती. त्याच्या खिडक्या सगळ्या उघड्या, तोंड बीटसारखं.

"मायलिस, जरा सोड की तिला!" तो ओरडला.

"माझा शनिवार ना रे?" ती खिडकीतून म्हणाली.

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फुटपाथवर लोक घड्याळ लावून मोजत होते. इतकी हळू फेरी वान्सब्रूने पाहिली नव्हती.

पाचवी फेरी

स्टेशनसमोर ब्यूइकने वाफ सोडली, दोनदा खोकली आणि आडवी उभी राहिली.

इथे रीत दुसरी. बॉनेट वर गेलं की रांग थांबते आणि पुढची गाडी पाणी देते. शत्रू असला तरी. मायलिसने डॉज थांबवली, डिकी उघडली. पाण्याचे दोन मोठे कॅन होते. त्या दोन कॅनच्या मधे ती बसली आणि सिवच्या थर्मासमधून कॉफी ओतून घेतली.

रूलांद आला. "आण."

"थंड होऊ दे आधी. अर्धा तास आहे आपल्याकडे. सांगाड्याचं बोल."

"कसला सांगाडा?"

"ज्याच्यावर तू बसून आलास."

लोक जवळ सरकले. वीसेक असतील. रूलांदने त्यांच्याकडे पाहिलं, हसून पाहिलं. कुणी हसलं नाही, कारण आता सगळ्यांना ऐकायचं होतं.

"मायलिस, तमाशा नको."

"तूरेने मरताना काय म्हटलं, सांगू ह्यांना?"

 रूलांदने सिवकडे पाहिलं. सिव थर्मासचं झाकण घट्ट धरून उभी होती.

"चांगला होता," तो म्हणाला.

"मागच्या गाडीला ऐकू गेलं नाही."

"सांगाडा चांगला होता! मी काही जोडलं नाही. बस?"

"काम कुणाचं?"

"तूरेचं. सगळं तूरेचं." आणि मग, खाली बघत, "मला ती गाडी हवी होती गं. वेड लागलं होतं मला."

 रूलांदने हात पुढे केला.

मायलिस उठली. एक कॅन उचलला, स्टेशनच्या दारातल्या फुलांच्या कुंडीपाशी नेला आणि ओतला. सगळा. मग दुसरा. कुंडी भरून वाहिली, पाणी रूलांदच्या बुटांपर्यंत आलं.

"अगं ए!" मागून कुणीतरी ओरडलं. "असं करत नाहीत!"

"ठाऊक आहे मला," मायलिस म्हणाली.

सिव तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "त्याने सांगितलं ना? सगळ्यांसमोर सांगितलं. आणखी काय हवं होतं तुला?"

"हेच."

"तूरेने पाणी दिलं असतं."

"म्हणूनच फसला तो."

सिवने सीटवरून आपली पर्स घेतली आणि दार हळू लावलं. ती सॉसेजच्या टपरीकडे चालत गेली. मायलिस गाडीत बसली, तेव्हा सिवने बादली मागितलेली तिला आरशात दिसली. भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून, ती ब्यूइककडे निघाली होती. दोघे धावत तिच्या मदतीला गेले.

सहावी फेरी

मागे कुणी नव्हतं. रांग स्टेशनपाशीच राहिली होती. रीतीप्रमाणे मायलिसने फुटपाथवरच्या लोकांना हात केला. कुणी हात केला नाही. पुढच्या जूनमध्ये आपल्याला रांगेत जागा कोण देणार, हा हिशेब तिने पंपापाशी पोचायच्या आत करून टाकला. उत्तर सोपं होतं.

हात मात्र तिने आत घेतला नाही. बाहेर वारा गार लागत होता.

सातवी फेरी

तिचीच होती. तिने ती घेतली. ह्या वेळी वेगात, एका बोटाने चाक फिरवत. आणि पंपापाशी न थांबता तशीच मूराच्या रस्त्याला लागली.