सिंधूची चाकं

महाल भागात सायकली दुरुस्त करणारे ढीगभर होते, पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तो नत्थूजी धकात्यानं. बाप-आजा कोष्टी, स्वतःही पंचविशीपर्यंत मागावर बसलेला. लुगड्यांचा धंदा बसला तेव्हा गुलाबचंद सेठच्या सायकलच्या दुकानापुढच्या ओट्यावर पाने-हातोडी मांडून बसला, तो बसलाच. चाक फिरवायचा, स्पोक बोटानं छेडून ऐकायचा आणि कोणता ढिला, कोणता ताठ ते न पाहता सांगायचा. मागावर ताण्याच्या धाग्यांनी शिकवलेलं ते इथं कामी आलं. हातात कला होती हो माणसाच्या. तोंडात नव्हती, तिथंच सारा घोळ झाला.

त्याची पोरगी सिंधू, तेरा वर्षांची. शुक्रवारी नावाच्या तलावाभोवती दर डिसेंबरात एक व्यायामशाळा शाळकरी पोरांची सायकल शर्यत घ्यायची. चार फेऱ्या, वय चौदाच्या आत. पहिला येईल तो पुण्याच्या शर्यतीला जायचा, फक्त पहिला. आदल्या साली सिंधू चौथी आली होती, तीही अशा सायकलवर की जी उचलताना मोठ्या माणसाच्या कमरेत चमक भरावी. फेब्रुवारीत तिला चौदा वर्षं पुरी होणार होती. म्हणजे काय ते याच साली, नाही तर कधीच नाही.

बाप-लेक दिवाळीआधीपासून त्या सायकलच्या मागे लागले. मडगार्ड काढलं, चेनकव्हर काढलं, स्टँड, कॅरिअर, घंटी, सारं काढलं. सीटचा स्प्रिंगांचा लोखंडी सांगाडा फेकून नत्थूजीनं उरल्यासुरल्या सुताला खळ लावून जाड पट्टा विणला आणि तोच बसायला ताणून बांधला. पोरगी रोज सायकल ढकलत लाकडाच्या टालीवर न्यायची आणि मोठ्या काट्याला लटकवायची. टालवाला रामाजी हसायचा, "आज काय सोलून आनलं वं सायकलचं? उद्या नुसती हवा घेऊन येशील."

पण खरं वजन चाकांत. लोखंडी रिंगा फिरता फिरेनात. मग बुधवार बाजारात कबाड्याच्या ढिगात नत्थूजीला देव पावला. कामठीच्या छावणीतल्या कुण्या साहेबाच्या पोराची मोडकी विलायती सायकल, आणि तिला ॲल्युमिनियमच्या रिंगा. वाकलेल्या, पण जिवंत. पंधरा दिवस बसून त्यानं त्या सरळ केल्या, बारीक स्पोक भरले, आऊट असा काढला की चाक फिरवलं तर फिरतंय की उभं आहे ते कळू नये. काट्यावर सायकल सोळा किलोंवरून साडेदहावर आली. सिंधू तलावाला एक चक्कर मारून आली आणि बापासमोर नुसती दात काढत उभी राहिली. असं तिला हसताना नत्थूजीनं कधी पाहिलं नव्हतं.

शर्यतीला आठ दिवस होते तेव्हा गुलाबचंद सेठ ओट्यावर आले. बरोबर नातू ओमप्रकाश, तोही शर्यतीत. सेठनं भिंतीला टेकवलेली सायकल दोन बोटांनी उचलून पाहिली.

"वा, नत्थूजी. क्या चीज बनवली. ही चाकं आमच्या ओमच्या सायकलला बसतील काय?"

"बसतील ना जी," नत्थूजी म्हणाला. "घेऊन जा, सेठ. संध्याकाळपर्यंत लावून देतो."

आता सांगा, कुणी मागितलं होतं? पण कोष्ट्याच्या घरात तीन पिढ्या हेच. मागावरून चांगलं लुगडं उतरलं की ते घरात रात्र काढत नाही. सेठ पदर बोटांनी चाचपतो, वा म्हणतो, की माल सेठचा. घरच्या बाईच्या अंगावर डागाळलेलं, धागा चुकलेलं. नत्थूजीच्या आईनं जन्मभर लोकांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरल्या आणि एक धड काठाचं लुगडं नेसली नाही. माग सुटला, पण ही खोड सुटली नाही. सेठनं वा म्हटलं आणि याचं तोंड आपसूक उघडलं. संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं ती चाकं ओमच्या सायकलला चढवली, आणि मेल्यानं चढवलीही काय झकास. वाईट काम त्याला येतच नव्हतं.

घरी सिंधूनं विचारलं, "बाबा, माह्या सायकलले लोखंडी चाकं काहून लावून राहिले?"

पोरीच्या डोळ्यांत पाहवेना. मग त्याच्या तोंडून आलं ते असं, "सेठनं मांगतली. नाई देत तं ओटा खाली कर म्हनला. का करू मी?"

सिंधूनं उठून बापाला पाणी दिलं. म्हणाली, "जाऊ द्या, बाबा. ओटा गेला तं खाऊ काय आपन? तुमी मनाले लावून नका घेऊ." लहान लेकरू थोरल्या माणसाची समजूत काढत होतं. आणि त्या माणसानं ती काढू दिली. गोदूबाई चुलीपाशी भाकर थापत होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातला.

शर्यतीत सिंधू तीन फेऱ्या पुढे होती. खरं सांगतो, तीन फेऱ्या. चौथीत शेवटच्या वळणावर लोखंड बोलायला लागलं. पोरगी उभी राहून पायडल मारत होती, आणि तिच्या बाजूनं ओमप्रकाश सर्रकन पुढे निघून गेला. हातभर अंतरानं हरली. सायकल टाकून तलावाच्या कठड्याशी गेली आणि ओकली.

इकडे हारतुरे सुरू झाले. सेठनं आपल्या गळ्यातला हार काढून सगळ्यांसमोर नत्थूजीच्या गळ्यात घातला. "ओमची मेहनत आहे, पण कमाल या कारागिराची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. नत्थूजीला, लाज वाटायच्या जागी, क्षणभर बरंच वाटलं.

तेवढ्यात सिंधू गर्दीतून आली. तोंड पुसलेलं, डोळे लाल. एरवी सेठसमोर मान वर न करणारी पोर सरळ त्यांच्यापुढे उभी राहिली.

"सेठजी, आता तं आमचा ओटा नाई ना घेनार?"

"ओटा?" सेठ गोंधळले. "कोणता ओटा, बेटी?"

"चाकं नाई देली तं ओटा खाली करा, म्हनलं ना तुमी बाबाले."

सेठनं नत्थूजीकडे पाहिलं, मग पोरीकडे. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. "मी कधी म्हटलं असं? मी नुसतं विचारलं, बसतील काय म्हणून. हेच म्हणाले, घेऊन जा. नाही म्हटलं असतं तर मी काय हिसकून नेणार होतो? मला वाटलं, तुझ्यासाठी याहून चांगली बनवली असतील."

सिंधू बापाकडे वळली. "हो का, बाबा?"

तिला अजूनही वाटत होतं की बाप नाही म्हणेल. सेठ खोटं बोलून राहिला, एवढं जरी तो म्हणाला असता तरी तिनं ते धरून ठेवलं असतं जन्मभर. नत्थूजीनं गळ्यातल्या हाराची एक पाकळी खुडली.

"सेठ खोटं नाई बोलत," तो म्हणाला.

सिंधूनं सायकल उचलली आणि ढकलत घरी गेली.

पोर काही वाईट वागली नाही पुढे. बापाला जेवायला वाढायची, ताप आला की कपाळावर पट्ट्या ठेवायची. पण त्या दिवसापासून नत्थूजीनं घरात काहीही सांगितलं, आज बाजार बंद होता, मावशीकडचं बोलावणं आलं, इतकं साधं काही, तरी सिंधू आधी आईच्या तोंडाकडे पाहायची. गोदूबाईनं मान हलवली, की मग हो म्हणायची.