बिनखुणांचा कागद

सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची. शिकवणारा मास्तर नव्हे, कापणारा. टेबलावर कापड पसरलं की दोन बोटांत खडू, गळ्यात टेप, आणि कात्री अशी सरसर चालायची की बघणाऱ्याला वाटावं, कापड आपणहून बाजूला होतंय. पण त्या हातांना स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना ते टेबलाची कड वितीनं मोजायचे, कुणाशी बोलताना समोरच्याच्या बाहीचा लोंबता दोरा तोडायचे. बायको म्हणायची, देवानं याला हात दिले, पण ते ठेवायला जागा द्यायची राहिली.

मुलगी साडेचार वर्षांची. अंगानं बारीक म्हणून तिचं नाव पडलं टाचणी. शाळेत लहान गटात जायची. बायको औषधाच्या दुकानात सकाळच्या पाळीला, तेव्हा टाचणीला उठवण्यापासून शाळेच्या फाटकात सोडण्यापर्यंत सगळं मास्तरकडे, आणि मास्तरला सकाळी कायम घाई. त्यावर त्यानं आपल्या अक्कलहुशारीनं तोड काढली होती. टाचणीच्या एकाही कपड्याला बटण नव्हतं, सगळीकडे इलास्टिक. डोक्यातून घातलं, खाली ओढलं, झालं. गावभरच्या शर्टांना काजं करणाऱ्याच्या पोरीला बटण लावता येत नाही, हे त्याच्या ध्यानात यायला शाळेतल्या बाईंनी बोलावणं धाडावं लागलं.

बाईंनी त्याला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं. गुडघे हनुवटीला टेकले. बाईंनी पुढ्यात बारा कागद मांडले. बाराही कोरे.

"हे टाचणीचे," बाई म्हणाल्या.

मास्तर हसला. काहीतरी अदलाबदल झाली असणार, असं त्यानं सांगितलं. घरी पोरगी पानंच्या पानं भरते. त्यानं पुराव्याला वही आणलीच होती. ओळीनं अक्षरं, सरळ रेघेचं घर, गोल सूर्य, सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. बाईंनी वही उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ पाहिलं. पेन्सिलीच्या प्रत्येक रेघेखाली निळ्या खडूचे बारीक ठिपके होते.

"हे कोणी केले?"

"मीच." त्याचा आवाज जरा फुगला. रोज दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो ठिपके टाकून ठेवायचा, पोरगी आली की त्यांवरून पेन्सिल फिरवायची. खुणा केल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. एक रेघ ठिपका सोडून जात नाही, बघा म्हणाला.

बाईंनी वही मिटली. वर्गात काय होतं ते त्यांनी हळूहळू, एकेक टाका घालावा तसं सांगितलं. मुलांना कागद दिला की कुणी मांजर काढतं, कुणी नुसताच गुंता. टाचणी पेन्सिल धरून बसते. रडत नाही, उठत नाही. बाकीच्यांचं होऊन जातं, तरी बसलेली. एकदा बाईंनी शेजारी बसून विचारलं, काय गं, काढत का नाहीस. तर म्हणाली, ठिपके अजून आले नाहीत.

मास्तरचे हात खुर्चीच्या कडेवर मोजमाप करत होते, ते थांबले.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांनीच ऐकू आलं. पुढच्या शनिवारी वर्ग बघायचा दिवस. मुलं कागद घेऊन बसतील, आईबाप भिंतीला टेकून बसतील, बोलायचं नाही. जी मुलं स्वतःहून काही सुरू करतात, अडलं तर विचारतात, ती मोठ्या गटात. बाकीच्यांना आणखी एक वर्ष इथेच. ती शिक्षा नव्हे, असं बाई दोनदा म्हणाल्या. पण मास्तरच्या डोळ्यांपुढे गालफुगी उभी राहिली. शाळा सुरू झाल्यावर चार महिने टाचणी कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. मग ही गोबऱ्या गालांची पोर शेजारी येऊन बसली, आणि आता दोघी दाराआड बसून तासभर कुजबुजतात. गालफुगी मोठ्या गटात निघालीच होती. ती गेली की आपली पुन्हा मिटणार, ही टाचणी पुन्हा कुणाला सापडायची नाही.

"मग अक्षरं वाढवू? शंभरपर्यंत आकडे येतात तिला," तो म्हणाला.

"अक्षरं येतील हो. अक्षरं काही पळून जात नाहीत." बाई त्याच्या हातांकडे बघत होत्या. "तुम्ही एक करा. रोज दहा मिनिटं तिच्याजवळ बसा. ती काय करेल ते करू द्या, काही केलं नाही तर नाही. आणि तुमचे हात मांडीखाली ठेवा."

"मांडीखाली?"

"हो. म्हणजे कुठे आहेत ते तुम्हाला कळेल."

फाटकाशी शाळेच्या मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. मुलांना हात धुवायला नेणं, नाकं पुसणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांनीही हात धुऊन घेतले. "मास्तर, वर्षभर तुमच्या लेकीचा डबा मी उघडतेय. घरी काय कात्रीनं उघडता का?"

त्याच दुपारी त्यानं टाचणीच्या फ्रॉकचं इलास्टिक उसवून चार बटणं लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चार बटणं लावायला तिला एकोणीस मिनिटं लागली. त्यानं घड्याळात पाहिलं होतं. तो मांडीखाली हात घेऊन पलंगावर बसला, उठला, दारापर्यंत गेला, परत बसला. बटण काजाच्या तोंडाशी यायचं आणि निसटायचं. त्याचा जीव नुसता वरखाली. शेवटी लागली तीही एक घर चुकून, फ्रॉकची एक बाजू गुडघ्यापर्यंत लोंबत. तशीच ती शाळेत गेली. रस्त्यानं दोन माणसांनी मास्तरकडे आणि त्या फ्रॉककडे आळीपाळीनं पाहिलं. तो कान लाल करून चालत राहिला.

तिसऱ्या दिवशी नवल घडलं. दुकानात कापायच्या टेबलाखाली टाचणी बसली होती. तिथे बेतायचा खाकी कागद पडला होता. मास्तर स्टुलावर, हात मांडीखाली. कितीतरी वेळानं तिनं पेन्सिल टेकवली आणि वर पाहून, टेबलाचं पोट बघत बघत, एक लांबट काहीतरी काढलं आणि त्याला पाय लावले. पाच. मग बोटं काळी झाली म्हणून नळाकडे गेली.

मास्तरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कागद उचलून तो उजेडात बघायला लागला. आणि त्याला कळायच्या आत हातांनी आपलं काम करून टाकलं. शिवण वाकडी दिसली की उसवायची आणि पुन्हा मारायची, वीस वर्षांची सवय. पाचवा पाय खोडला गेला, टेबलाची वरची रेघ सरळ झाली. टाचणी ओल्या हातांनी परत आली. कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. पेन्सिल त्याच्या मांडीवर ठेवली.

"आता तूच काढ, बाबा."

त्यानंतर दोन दिवस तिनं पेन्सिलीला बोट लावलं नाही. बटणंही नकोत म्हणाली, जुना इलास्टिकचा फ्रॉक हुडकून आणला. बायको सगळं ऐकून घेत भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर नवं आणून देतोस. हिचं काय आणून देणार आहेस?" तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसतीच म्हणाली.

गुरुवारी त्याचं कशातच चित्त लागेना. एका कोटाला कॉलर उलटी लावली. ती उसवली, परत लावली, पुन्हा उलटीच. शाळा सुटल्यावर टाचणी आली तेव्हा त्यानं स्वतःच्या कोटासाठी जपून ठेवलेलं हिरवं कापड काढलं, टेबलावर पसरलं, तिला उचलून टेबलावर बसवलं आणि निळा खडू तिच्या हातात दिला.

"मला एक पिशवी हवी आहे. खुणा तू कर. मी कापतो."

"कुठे करू?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाला. खडूबद्दल हे वाक्य त्यानं जन्मात उच्चारलं नव्हतं.

तो स्टुलावर बसला, हात मांडीखाली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. एक गिऱ्हाईक दारातून डोकावलं, मास्तर नुसता बसलेला पाहून बरं नाही की काय असं विचारून गेलं. टाचणीनं खडू कापडाला लावला, उचलला. त्याच्याकडे पाहिलं. त्याला बोट दाखवायचं होतं, इथून धर, असं म्हणायचं होतं. त्यानं जीभ दातांत धरली. मग रेघ निघाली. थोडी गेली, थांबली, वळली, उगाचच एक लांब फेरी मारून आली आणि जिथून निघाली होती तिथे जवळपास पोचली.

आता कात्री. सरळ रेघेवर डोळे झाकून चालणारी ती कात्री या वेड्यावाकड्या वाटेवर ठेचकाळत निघाली. मास्तरच्या कपाळावर घाम आला. एका जागी रेघ फुगून बाहेर आली होती. कात्रीनं तो फुगवटा डावलून सरळ जायचं ठरवलंच होतं, इतक्यात टाचणीनं तिथे बोट ठेवलं.

"इथे पोट आहे."

मास्तर थांबला. दोन इंच मागे आला आणि पोटाला वळसा घालून गेला.

शिवून झाली तेव्हा पिशवी एका अंगाला कलली होती, बंद एक लांब, एक आखूड. टाचणीनं ती गळ्यात घातली आणि रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आली. शुक्रवारी मास्तरनं तिच्याकडून मागून घेतली, टेप आणि खडू तिच्यात ठेवले. बघणाऱ्यानं विचारलं की सांगायचा, कटिंग नव्या मास्तरचं आहे. पण टाचणीनं कागदावर काही काढलं नाही ते नाहीच. शनिवार उजाडला.

वर्गात आईबाप भिंतीशी बुटक्या खुर्च्यांवर बसले. बायकोनं दोन तासांची सुट्टी मागून घेतली होती. तिनं त्याला बजावलं होतं, खोकूसुद्धा नकोस. मुलांपुढे कागद आले. गालफुगीनं बसल्या बसल्या रेघोट्या मारायला घेतल्या. टाचणी पेन्सिल धरून बसली.

भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. एक मूल झालं म्हणून उठलं. दुसरं उठलं. मास्तरच्या खिशात खडूचा तुकडा होता, सवयीनं आलेला. त्यानं डावा हात मांडीखाली ठेवला होता, उजवा केव्हा खिशात गेला ते त्याला समजलं नाही. बायकोनं कोपरानं ढोसलं. तेवढ्यात टाचणीनं मान वळवली आणि थेट त्याच्याकडे पाहिलं. मास्तरनं हात बाहेर काढला, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वर घट्ट बसला.

टाचणी उठली. पोरगी कोरा कागद घेऊन बाईंकडे निघाली होती, बाराचे तेरा झाले. ती बाईंपुढे उभी राहिली आणि हळू आवाजात, पण भिंतीपर्यंत पोचेल असं म्हणाली, "मोठा कागद आहे का? यात मावत नाही."

बाईंनी जुन्या कॅलेंडरचं पान काढलं, पाठचं कोरं. टाचणी ते घेऊन फरशीवर पालथी पडली आणि कामाला लागली. बाकीची मुलं खेळायला गेली तरी तिचं चालूच होतं. झालं तेव्हा बाई गुडघ्यावर बसून बघू लागल्या. एक भलंमोठं डोकं, गळ्यात टेप, खाली पाच पायांचं काहीतरी.

"हा कोण?"

"बाबा."

"आणि बाबाचे हात कुठे गेले?"

"मांडीखाली आहेत," टाचणी म्हणाली. "दिसत नाहीत."

मावशी दारात तोंडाला पदर लावून हसल्या. बाई टेबलापाशी गेल्या, यादीत काही लिहिलं. मास्तर उलट्या बाजूनं वाचायला धडपडत होता. बाईंनी हातानं यादी झाकली. "मोठ्या गटात डबा उघडून द्यायला मावशी नसते," त्या म्हणाल्या. "आजपासूनच सांगून ठेवते."

बायको मान हलवत राहिली.

बाहेर गारवा होता. फाटकाशी टाचणीनं कोट घातला. बटणं पाच, मास्तरनं शुक्रवारी रात्री लावलेली. गालफुगी पलीकडे उभी राहून वाट बघत होती. बायको कामाला उशीर झाला म्हणून पुढे गेली, मास्तरच्या दुकानापुढेही एव्हाना दोन गिऱ्हाइकं खोळंबली असणार. पहिलं बटण निसटलं. मास्तरनं खिशात हात घातला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. तिसरं बटण लागेपर्यंत खिशातल्या खडूचा भुगा झाला होता.