सुनिलचं टोपण

कमळूबाबा काही जन्माचा चोर नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने कुणाच्या मांडवावरची काकडी तोडली नाही. पण किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, डॉक्टरांनी पाणी मापून दिलं आणि म्हाताऱ्याला पाणी चोरायची सवय लागली. चूळ भरायला पाणी दिलं तर अर्धं गिळायचा आणि वर साळसूदपणे विचारायचा, "काय गो, काय झालं?" सून माधुरी डोळ्यांत तेल घालून पहारा द्यायची. डोळखांबच्या पलीकडच्या त्या पाड्यावर सासऱ्याला पाणी न देणारी सून म्हणून तिचं नाव झालं होतं. झालं तर झालं, तिने ते मनावर घेतलं नाही.

घरात तिने एक नियमच केला होता. बाबांसमोर कुणी पाणी प्यायचं नाही. तहान लागली की घरामागे रचलेल्या लाकडांच्या आड जायचं आणि तिथे तांब्या तोंडाला लावायचा. तीही तिथेच प्यायची आणि नवरा सुनिलही.

भात कापणीला आलं आणि बाबाला मशीनही सोसेना. शहापूरला नेलं की तिथेच रक्तदाब खाली जायचा, घरी आणलं की पुढची खेप येईपर्यंत मान वर होत नसे. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून सरळ सांगितलं. हृदय थकलंय. डायलिसिसने आता आयुष्य वाढायचं नाही, हालच वाढतील. थांबवलं तर थोडेच दिवस मिळतील, पण ते घरी, त्रास कमी करून काढता येतील.

"मग घरीच जातो," कमळूबाबा म्हणाला, आठवड्याचा बाजार आटोपल्यासारखा.

सुनिलला ते पटलं नाही. आसनगावच्या कंपनीत कामाला जाणारा हा शांत माणूस त्या दिवसापासून गाल फुगवून बसला. "मुंबईला नेतो. घरात मरायला ठेवू काय?" सोमवारची गाडीही त्याने सांगून ठेवली.

घरी तपासायला शीतल सिस्टर यायची. अंगाच्या खाजेवर गोळी, दम लागला तर थेंबाचं औषध, सगळं तिने माधुरीला समजावून दिलं. "आता पथ्याचा धाक नको. मागतील ते घासभर द्या. पाणी मात्र जपूनच, नाहीतर छातीत भरेल."

घासभर म्हटल्यावर बाबाने त्याच दुपारी भाजलेला बोंबील मागितला. तो नुसता चोखत म्हणाला, "सिस्टर, माझी आय गेली तवा मी तिच्या तोंडात पाणी घातलं. सगळं गालावरनं उशीत गेलं. तिला काय कळलं? मला तसलं पाणी नको. चव कळते तवर पाजा. ज्याला पाजायचं त्यानं आताच यावं."

सिस्टर हसली. तिने खोकल्याच्या बाटलीचं टोपण धुऊन माधुरीच्या हातात दिलं. दिवसाचं पाणी पूर्वीच्याच मापाचं, पण टोपणाटोपणाने कुणाकुणाच्या हातून प्यायचं ते बाबांनी ठरवावं.

मग काय, अंगणातल्या खाटेभोवती जत्राच भरली. टोकावड्याहून एसटीने बाबाची बहीण जिवली आली. टोपण धरलं आणि तिने गळाच काढला. "अगो, हाय मी अजून," कमळूबाबा म्हणाला. "रडतेस ती रड, पण टोपणात नको. मीठ वर्ज्य हाय मला." रडता रडता जिवलीला हसू फुटलं. शेजारीपाजारी येऊन पाजून गेले. माधुरीने पाजलं तेव्हा म्हातारा म्हणाला, "लय छळलंस गो पोरी. म्हणून तर एवढा टिकलो." तिला भरून आलं. इतक्या वर्षांचा पहारा त्या एका वाक्यात फिटला.

राहिला सुनिल. तो टोपणाला हात लावेना. माधुरी रोज मापातलं एक टोपण त्याच्यासाठी मागे ठेवी, आणि संध्याकाळी ते स्वतः द्यायला गेली की बाबा तोंड फिरवी. "ते सुनिलचं." ओठ सुकून गेलेले, पण म्हातारा हट्टाला पेटलेला.

"पाजा की हो एकदा," ती नवऱ्याला म्हणाली.

"पाजलं म्हंजे मी हो म्हटलं असं होतं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हताच. निव्वळ भीती होती. माधुरीने पुन्हा आग्रह केला नाही.

रविवारी सुनिल दिवसभर खळ्यावर भात झोडत होता. उन्हं कलताना आला तो घामाने निथळत, आणि सवयीने थेट घरामागे गेला. अंगणातून बाबाची हाक आली.

"सुनल्या, लपून काय पितोस? पहिल्यापास्नं ऐकतोय मी. माधुरी गटगट पिते, तू तर म्हशीवाणी पितोस. हितं ये. माझ्यासमोर पी."

माधुरीने कपाळावर हात मारला. एवढा सांभाळलेला नियम, आणि म्हाताऱ्याला सगळं ठाऊक!

सुनिल तांब्या घेऊन खाटेपाशी आला. अवघडून त्याने एक घोट घेतला.

"तसं नाय. पोटभर."

मग तो प्यायला. डोकं मागे टाकून, गळ्यावरून ओघळ छातीवर येईपर्यंत. कमळूबाबा त्याच्या घशाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा असा निवला, की जणू घोट त्याच्याच पोटात उतरत होते. "हां," तो म्हणाला. "आता बरं वाटलं. माझं पोर तहानेलं नाय ऱ्हायलं."

सुनिल खाली बसला. कुणी न सांगता त्याने टोपण भरलं. काठोकाठ भरताना थोडं सांडलं. बाबाने ते पाणी बराच वेळ तोंडात धरून ठेवलं, मग गिळलं.

"झऱ्याचं हाय," तो म्हणाला. "गोड."

सुनिलने बापाच्या पायावर डोकं टेकलं आणि तो मनसोक्त रडला. मग उठून त्याने गाडीवाल्याला फोन केला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.

त्यानंतर घरामागे जाऊन कुणी पाणी प्यायलं नाही. भात घरात आलं, नव्या तांदळाची पेज बाबाने चमचाभर चाखली, आणि एका सकाळी, अंगणात ऊन येता येता, तो झोपेतच गेला. शेवटी दमही फारसा लागला नाही.

रीतीप्रमाणे कुणीतरी सुनिलच्या हातात तांब्या दिला. त्याने बोट बुडवून बापाचे ओठ ओले केले. मग साऱ्या पाड्यासमोर, तिथेच खाटेपाशी उभं राहून, उरलेलं पाणी तो गटगट प्यायला. जाणती माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

माधुरीने त्याच्या हातातून तांब्या घेतला आणि परत भरून आणला.