आगंतुक उष्णता

पौषातली पांढुरकी, हिमधूसर सकाळ. प्रयोगशाळेच्या काचांवर दवाची जाळी, आणि तिच्यातून गाळून आलेलं ऊन: केशरी, कृश, कुडकुडणारं. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची चंचुपात्रं ओळीनं मांडलेली. त्यांत निवांत, नितळ, निरागस दिसणारे द्रव. खासनीस मॅडमना मात्र निरागस असं काही दिसतच नसे.

बाहेरून आलेल्या परीक्षक त्या. राखाडी शाल, रोखलेली नजर. ती नजर फिरत फिरत मागल्या टेबलावरच्या चारुता धुमाळच्या उत्तरावर अडली, आणि हलेचना.

आम्ल आम्लारीला भेटतं. त्या भेटीतून पाणी जन्मतं, मीठ जन्मतं, आणि जन्मते उष्णता. थर्माकोलच्या पेल्यात ती मोजायची: द्रवाचं वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि तापमानातली वाढ यांचा गुणाकार. मुलांची उत्तरं दरवर्षी थोडी कमीच भरतात, कारण उष्णता मोठी पळपुटी. चारुताचं उत्तर पुस्तकातल्याहून जास्त होतं. बरंच जास्त.

पळालेली उष्णता समजते. पण आगंतुक उष्णता येते कुठून?

"गरम पाणी घातलंस?"

"नाही, मॅडम."

"माझ्यासमोर पुन्हा कर. आकडे बनवलेले निघाले तर शून्य देईन. वर्ष जाईल तुझं."

वर्ष! चारुताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिनं पेल्यातल्या आम्लाचं तापमान टिपलं. आम्लारीचंही तेवढंच धरलं, सगळेच धरतात तसं. मग आम्लारीचं पात्र दोन्ही तळव्यांत गच्च धरून ती मॅडमच्या होकाराची वाट पाहत उभी राहिली.

मॅडम निरखत होत्या. बर्नर बंद. ऊन दूर. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. संशयाला बसायला जागाच नव्हती, तरी तो उठेना. अखेर त्यांनी मान हलवली. चारुतानं ओतलं, ढवळलं. पारा चढला, चढला, आणि पुन्हा हद्द ओलांडून गेला.

डोळ्यांदेखत फसवते ही! मॅडमनी रिकामं पात्र तिच्या हातातून हिसकावून घेतलं. काच कोमट होती. बोटं बोटांना लागली, आणि मॅडम चमकल्या.

"अगं, तू तर तापानं फणफणली आहेस!"

"कालपासून, मॅडम. हात थरथरत होते, ते दिसू नयेत म्हणून पात्र घट्ट धरलं. कळलं असतं तर तुम्ही घरी पाठवलं असतं."

खासनीस मॅडमनी हातातल्या कोमट पात्राकडे पाहिलं: तळव्यांचा ताप काचेतून आम्लारीत उतरला होता. लबाडी हुडकता हुडकता कुणाच्या कपाळाला हात लावायचं राहूनच गेलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मग ती राखाडी शाल उतरली. चारुताच्या खांद्यांवरून आली, तिच्या तापल्या तळव्यांभोवती गुंडाळली गेली.

"सगळं ताजं घे. आणि आता शालीतूनच धर. घाई नाही."

तळव्यांत लोकर, लोकरीत काच. धार पेल्यात उतरली. पारा चढला, सावकाश, संयत, सरळ. आणि थबकला, पुस्तकाच्या किंचित खाली, थबकावा तिथेच. खिडकीवरचं दव ओघळून गेलं. पेल्यात आम्ल-आम्लारीची तेवढी ऊब होती. चारुताची सारी शालीत राहिली.